कुणाला काय हवंय?

इथे अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी स्टेटस मीटिंग असते. सगळ्यांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं. परवा माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखंच सांगून टाकलं, अपग्रेड चालू आहे, टेस्टिंग चालू आहे, ऑल गुड. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा माणूस बोलायला लागला. मला एकदम कसंतरीच झालं. कुणीच मला मधे तोडलं नाही. गेल्या वर्षभरात मला कुणी मधे तोडलेलंच नाही, कारण मावशी गेल्या त्याला आता वर्ष होईल.

मावशी म्हणजे काही माझ्या नात्यातल्या नव्हेत. मी २००१ मध्ये स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करायला गेलो, तेव्हा ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली त्या घरमालकीणबाई. मूळच्या मिरजेच्या. लग्नाआधी चार वर्षं तिथल्या शाळेत मराठी शिकवलेलं. नवरा मृदाशास्त्राचा प्रोफेसर, त्याच्यामागून १९६९ साली इकडे आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. साडीवर नवऱ्याचं जुनं लोकरी जॅकेट आणि पायात त्याचेच बर्फाचे बूट. ते दोन नंबरांनी मोठे होते, म्हणून आत दोन जोड मोजे. गावातली अमेरिकन पोरं त्यांना लांबून ओळखायची.

खोली बघायला गेलो त्या दिवशी मला वाटलं, विचारतील, स्वयंपाक करतोस का, सिगारेट ओढतोस का. तसलं काही नाही. चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "अकोल्याहून इथपर्यंत कसा आलास ते सांग." मी सांगायला लागलो. अकोल्याहून मुंबई, मुंबईहून न्यूयॉर्क, तिथून बस. दुसऱ्या वाक्यालाच हात वर झाला. म्हणाल्या, हे टाइमटेबल झालं, गोष्ट सांग, तुला काय हवं होतं आणि कुठे अडलं? मी आधीच वैतागलेलो, दोन दिवस आंघोळ नव्हती. म्हटलं, मावशी, मला बाथरूमला जायचं होतं आणि बसवाला कुठे थांबत नव्हता. बाई जी हसायला लागली, डोळ्यांतून पाणी. मला दोन खोल्यांतली मोठी खोली मिळाली. लहान खोलीत एक तेलुगू मुलगा होता, तो लॅबमध्येच राहायचा म्हटलं तरी चालेल.

स्वयंपाकघरात फोनच्या वर जुन्या कॅलेंडरची पाठ चिकटवलेली होती आणि त्यावर निळ्या पेन्सिलीने तीन शब्द लिहिलेले: हवं. अडलं. बदललं. मावशींच्या मते जगातली कुठलीही गोष्ट एवढीच. कुणाला तरी काहीतरी हवं असतं, मधे काहीतरी आडवं येतं आणि शेवटी काहीतरी बदलतं. हे नसेल तर ती गोष्ट नव्हे, बडबड. टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यासुद्धा त्या ह्याच हिशेबाने ऐकायच्या. बर्फ पडणार हे कळलं, पण शाळेची बस अडणार का ते त्याने सांगितलंच नाही, म्हणून त्या निवेदकावर चिडायच्या.

कादंबरी आणली की शेवटचं प्रकरण आधी क्लिपा लावून बंद करायच्या. मग बाकीचं वाचायचं, शेवट काय होईल तो स्वतः वहीत लिहायचा आणि नंतरच क्लिपा काढायच्या. लेखकाचा शेवट आणि आपला जुळला तर नाराज. म्हणायच्या, मला जमलं ते ह्याने कशाला लिहायचं? न जुळला तर दोन दिवस त्या लेखकाशी भांडण. लायब्ररीतल्या बाईला ही सवय माहीत होती. पुस्तक परत घेताना ती आधी क्लिपा काढून ड्रॉवरमध्ये टाकायची.

ह्या बाईंना नोकरी मिळाली होती तीही शोभेलशी. कॅम्पसच्या बसमध्ये लोक जे काही विसरतात ते जमा करून ठेवायच्या काउंटरवर. वस्तू न्यायला आलेल्याने ती कुठली, कुठे राहिली एवढं सांगितलं की देऊन टाकायची, असा नियम. मावशींचा नियम वेगळा. समोरच्याने नीट गोष्ट सांगायला हवी. एकदा एक पोरगा छत्री मागायला आला. आजीने दिलेली, आजी दवाखान्यात, भेटायला जाताना तीच छत्री न्यायची होती, असं त्याने काय काय सांगितलं. मावशींनी कपाटातली सगळ्यात चांगली काळी छत्री काढून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी खरा मालक आला. गप्प माणूस. काळी छत्री, एवढंच बोलला. साहेबांनी मावशींना बोलावून घेतलं. घरी येऊन मलाच ऐकवत होत्या, "अरे, त्याला छत्री हवी होती हे त्याच्या बोलण्यात कुठे दिसतच नव्हतं." मी म्हटलं, मावशी, सगळ्यांना नाही हो मागता येत. तर म्हणाल्या, मग भिजा म्हणावं.

मी तेव्हा हसलो होतो.

फोन स्वयंपाकघरातच होता. दर रविवारी सकाळी मी मोजक्या मिनिटांच्या कॉलिंग कार्डवरून अकोल्याला फोन लावायचो, तिकडे संध्याकाळ झालेली असायची. मावशी पोहे परतत माझी बाजू ऐकायच्या आणि फोन ठेवला की पलीकडची बाजू मला सांगावी लागायची. पोहे त्यानंतर. आमच्या घरी फोन बाबांच्या ताब्यात. बाबांना एकच नाद, टेंपरेचर. रिटायर झाल्यापासून त्यांनी अकोल्याचं रोजचं कमाल-किमान लिहून ठेवलेलं आणि मी इकडे आल्यावर शेजारी दुसरा रकाना आखला, माझ्या गावाचा. "आमच्याकडे पंचेचाळीस. तुमच्याकडे किती?" हे ते असं विचारायचे, जसं काही ह्यात मी हरणार आहे. कार्ड संपत आलं की आई फोनवर यायची. जेवलास का, स्वेटर घालत जा, ठेवते. एवढंच, दर वेळी.

२००३ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे अतोनात बर्फ पडला. उणे अठरा. मी बाबांना सांगायला टपलेलो होतो. फोन झाला, मी येऊन टेबलाशी बसलो, आणि मावशींनी विचारलं, बाबा काय म्हणाले?

"सगळं ठीक आहे म्हणाले."

"ते मीही म्हणेन. मागितलं काय त्यांनी?"

"काही नाही."

"टेंपरेचर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की उणे अठरा माझ्याजवळच राहिलं होतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

"आणि आई कशा आहेत?"

"ती देवळात गेली होती."

"बरं. बाबांचं सांग. गेल्या रविवारी विचारलं होतं?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही. मावशींनी कालथा खाली ठेवला. म्हणाल्या, ज्या माणसाला दर आठवड्याला एक गोष्ट हवीच असते, त्याला ती तीन आठवडे नको झाली, तुझ्या बाबांना काहीतरी झालंय आणि तुझ्यापासून लपवतायत. मला राग आला. म्हटलं, ही काही तुमची कादंबरी नाही मावशी, माणसं विसरतात. त्या म्हणाल्या, विसरतात, पण तीनदा नाही. पोहे करपले ते कुणीच खाल्ले नाहीत.

मी पुन्हा फोन लावला. बाबा म्हणाले, काही नाही रे, तू परीक्षेचं बघ. परीक्षा एप्रिलमध्ये होती, ती दिल्याशिवाय पीएच.डी. पुढे सरकत नव्हती. माझ्या व्हिसाची मुदत संपलेली. देशातच असेपर्यंत काही बिघडत नव्हतं, पण एकदा बाहेर पडलं की परत यायला नवा शिक्का लागणार. त्या दिवसांत लॅबमध्ये काम करणाऱ्यांचे कागद महिनोन्महिने चौकशीत राहायचे. आमच्याच मजल्यावरचा एकजण दिवाळीला गेला तो अजून आलेला नव्हता. गाइडने स्वच्छ सांगितलं होतं की एप्रिलमध्ये इथे नसशील तर तुझी जागा मला धरून ठेवता येणार नाही. म्हणजे बाबांनी टेंपरेचर विचारलं नाही, एवढ्यावरून मी दोन वर्षांची मेहनत पणाला लावायची. मी मावशींना म्हटलं, परीक्षा झाली की जाईन.

त्या आत गेल्या आणि एक निळं एअरमेलचं पत्र घेऊन आल्या. त्यांच्या भावाचं होतं, १९७४ सालचं. वाच म्हणाल्या. तीन ओळी होत्या. आई गेली. सर्व विधी व्यवस्थित पार पडले. काळजी नसावी.

"पंधरा दिवसांनी आलं हे मला," मावशी म्हणाल्या. "किती दिवस आजारी होती, काय खावंसं वाटत होतं, माझं नाव काढलं का, काही नाही. मी गेले तेव्हा भावाला विचारलं, तर म्हणाला, आता कशाला उकरायचं. तीस वर्षं झाली. मला मधलं काहीच माहीत नाही रे. तू जा. मधलं सगळं बघून ये."

मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

नेवार्कच्या विमानतळावर सोडायला त्या स्वतः आल्या. चार तासांचा रस्ता, बाईंनी सात तास घेतले. चाळीसच्या वर काटा जाऊ देत नव्हत्या, मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून पुढे जायचे. आयसेलिनला आपल्याकडच्या लोकांची हॉटेलं आहेत, तिथे थांबून मला जबरदस्तीने थाळी खायला लावली. आणि वाटभर बाबांचा शेवट रचणं चालू. हृदयच असणार. बायपास झाली असेल, म्हणून जास्त बोलू देत नसतील, म्हणून फोन लवकर ठेवतात. इतकं चोख बसवलं होतं की विमानात बसेपर्यंत माझी खात्रीच पटली. बाबा अंथरुणावर आहेत, छातीवर टाके आहेत, हे मला दिसायलाच लागलं होतं.

अकोल्याला ऑटो दाराशी थांबली तेव्हा दार बाबांनीच उघडलं. दाढी वाढलेली, थोडे वाळलेले, पण धडधाकट. मी वेड्यासारखं विचारलं, तब्येत कशी आहे तुमची?

"मला काय धाड भरलीय," बाबा म्हणाले, आणि बाजूला झाले.

आतल्या खोलीत पलंगावर आई होती. मी तिला ओळखलं ते आवाजावरून. पोटात गाठ निघाली होती, जानेवारीत नागपूरला ऑपरेशन झालं होतं आणि ते फार उशिरा झालं होतं. मला कळवायचं नाही ही तिचीच आज्ञा. देवळात गेली, भाजीला गेली, झोपली, असं बाबा मला तीन रविवार सांगत होते आणि मी बरं म्हणत होतो. बाबांनी टेंपरेचर विचारलं नाही हे मला मावशींच्या मदतीने का होईना, लक्षात आलं. आई तीन आठवडे फोनवरच आली नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. जी कधी काही मागत नव्हती, तिचं नसणं मला कळलं नाही. ह्या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

दोन दिवसांनी मी मावशींना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुला आईबद्दल विचारलं होतं. तू देवळात म्हणालास आणि मी पुढे गेले. चुकलं माझं." इतक्या दिवसांत त्या चुकलं म्हणाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेवट चुकला की त्या लेखकाशी भांडायच्या. ह्या वेळी भांडायला कुणी नव्हतं.

शिक्का अर्थातच अडकला. मुंबईला जाऊन कागद देऊन आलो, चौकशी चालू आहे असं उत्तर मिळालं आणि मार्च गेला, एप्रिल गेला. परीक्षा झाली, ती माझ्याशिवाय. गाइडची मेल आली की सॉरी, जागा दुसऱ्याला दिली. ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती ते झालं आणि त्यामुळेच मला आईजवळ राहता आलं. नाहीतर मी दहा दिवसांत परतलो असतो, मी स्वतःला ओळखून आहे. सकाळी तिला उठवून बसवायचं, पेज भरवायची, केस विंचरायचे. दुपारी बाहेर पंचेचाळीस आणि कूलरसमोर आम्ही दोघं. तिने मला माझ्या जन्माच्या आधीच्या किती गोष्टी सांगितल्या. तिला नाटकात काम करायचं होतं हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

एकदा मी तिला विचारलं. धाडस करूनच विचारलं, कारण आमच्या घरी असलं कुणी कुणाला विचारत नाही. म्हटलं, आई, तुला काय हवंय?

ती म्हणाली, मला काय पाहिजे बाप्पा, सगळं तर आहे. मी उठलो नाही, तिथेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फोन आधी मला देत जा म्हणा ह्यांना. कार्ड संपत आलं की मला देतात. मी काय काय ठरवून ठेवते आठवडाभर आणि मग जेवलास का एवढंच होते."

बाबा दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. माठातून पाणी घेऊन आले आणि तिला दिलं.

आई मे महिन्याच्या शेवटी गेली. जूनमध्ये शिक्का मिळाला. बाबांना एकटं सोडवेना, ऑगस्टमध्ये परत आलो ते पीएच.डी.चं नाव सोडून, मास्टर्सवर समाधान मानून नोकरी शोधायला. मावशींच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं तर भिंतीवरच्या तीन शब्दांखाली चौथी ओळ आलेली: कोण बोललेलं नाही?  

मावशींना मी सगळं मधलं सांगितलं. पेज, विंचरणं, नाटक, फोन, सगळं. मला वाटत होतं, आता हात वर होईल, आता तोडतील. त्यांनी एकदाही तोडलं नाही. शेवटी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, माझ्या आईलाही कुणीतरी पेज भरवलीच असेल ना रे? मी म्हटलं, भरवली असणार मावशी. 

पुढे मी हर्नडनला आलो. दर शनिवारी त्यांचा फोन यायचा, मला आडवं-तिडवं विचारायच्या. मी चिडायचोही. म्हणायचो, मावशी, आठवडाभर काहीच झालं नाही, खरंच. गेल्या वर्षी तेव्हाच्या त्या तेलुगू मुलाची मेल आली की मावशी झोपेत गेल्या. मधलं काही नव्हतंच म्हणे. मला ते पटत नाही. मला विचारावंसं वाटतं की आदल्या दिवशी काय खाल्लं, पुस्तक कुठलं चालू होतं, कुणाला काही म्हणाल्या का. पण आता कुणाला विचारायचं? कधी कधी गाडी चालवताना मी मोठ्याने एखादी गोष्ट सांगायला लागतो आणि दुसऱ्या वाक्याला आपोआप थांबतो. इतकं कुणी आठवावं असं त्या माझ्या कोण होत्या, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आई गेल्यानंतर मी इकडे परत आलो, तेव्हाच्या पहिल्याच रविवारी मी मावशींच्या स्वयंपाकघरातून अकोल्याला फोन लावला होता. मावशींनी कुकर लावलेला. चार रिंग झाल्या, पलीकडे फोन उचललेला कळला, पण हॅलो आलं नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो. वाटलं, कार्ड गेलं. पण पलीकडून पंख्याचा आवाज येत होता आणि बाबांचा श्वास ऐकू येत होता. मी मावशींना खुणेने सांगितलं की लाइन चालू आहे, पण कुणी बोलत नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी होऊ नये म्हणून उठून कुकर खाली उतरवला. मग मीही हॅलो म्हणायचं थांबवलं. आम्ही तिघं तसेच गप्प राहिलो, चांगली दोन-तीन मिनिटं.

मग बाबा बोलले.

"झालं तिचं," ते म्हणाले. "आता मी बोलू?"